अडलेल्या विधेयकांचा जमाखर्च

मुंबई प्रांताच्या १९३७च्या विधानसभेविषयी आपल्याकडे तीन प्रकारची माणसे बोलतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे एका मुद्द्यावर मात्र गळ्यात गळा घालतात. काँग्रेसच्या परंपरेतला माणूस सांगतो, खेर मंत्रिमंडळाने सव्वादोन वर्षांत कुळांचा कायदा केला, दारूबंदी आणली, सत्याग्रहींच्या जप्त जमिनी परत मिळवून दिल्या. विरोधकांनी काय केले, तर अडवणूक. डाव्या वळणाचा माणूस सांगतो, ते सभागृह गिरणीमालकांचे आणि जमीनदारांचे होते. खरी लढाई झाली ती परळच्या कामगार मैदानावर आणि चरीच्या खाचरांत, आत नुसती भाषणे झाली. तिसरा आंबेडकरी चळवळीतला. तो बाबासाहेबांच्या त्या काळच्या भाषणांचा उल्लेख अभिमानाने करतो, पण शेवटी सुस्कारा सोडून म्हणतो, चौदा लोकांनी काय होणार होते? खोतीचे विधेयक अडले, महार वतनाचे अडले, संततिनियमनाचा ठराव पडला आणि औद्योगिक कलहाचे विधेयक बहुमताने रेटून नेले. थोडक्यात, सत्तेबाहेरच्या बाकांच्या हाती त्या सभागृहात काही लागले नाही, यावर तिघांचे एकमत.

हे मत मला पटत नाही. मात्र त्यात खरे काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. पूर्वपक्ष लंगडा करून उत्तरपक्षाला जिंकवायचे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि तिने वादाचे काहीच भले होत नाही.

पूर्वपक्षाचे बळ मोठे आहे. सभागृह जन्मले तेच १९३५च्या कायद्याच्या पोटी, ज्याला नेहरूंनी ‘गुलामगिरीची नवी सनद’ म्हटले होते. प्रौढ मताधिकार नव्हता. शेतसारा, घरभाडे, कर किंवा शिक्षण यांच्या चाळणीतून उतरेल त्याला मत. गव्हर्नरकडे खास जबाबदाऱ्या होत्या, विधेयकाला संमती नाकारण्याचा अधिकार होता, आणि अंदाजपत्रकातला काही खर्च तर असा की सभागृहाने त्यावर बोलावे, मत देऊ नये. निवडणुकीनंतरही महिनोन्महिने सभागृह भरलेच नाही. गव्हर्नर आपले अधिकार वापरणार नाही अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेस सत्ता घ्यायला तयार नव्हती, म्हणून १ एप्रिल १९३७ला साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ आले आणि जुलैत गेले. मग बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले; प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा हेच नाव होते. १७५ जागांत काँग्रेसच्या सुमारे ८६, म्हणजे स्वतःचे निर्भेळ बहुमत नव्हे, पण अपक्षांतले काहीजण गोळा केल्यावर कुणाची भीती बाळगायचे कारण नाही इतके बळ. समोर मुस्लिम लीग, आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे चौदा.

आता हे सभासद कोण होते ते पाहू. माझ्या मते प्रचलित मताची पहिली चूक इथेच आहे. ते डोकी मोजते, माणसे पाहत नाही.

१७५ जागांची वाटणी म्हणजे सरकारने समाजाचे पाडलेले वाटेच होते. सर्वसाधारण जागा ११४, त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांना २९, कामगारांना ७, व्यापार-उद्योगाला ७, स्त्रियांना ६, भारतीय ख्रिस्त्यांना ३, जमीनदारांना २, अँग्लो-इंडियनांना २, विद्यापीठाला १. मूठभर युरोपियनांना ३, आणि प्रांतभरच्या डोंगरदऱ्यांत पसरलेल्या आदिवासींना मिळून १. ज्याने हा हिशेब मांडला त्याला आपण काय करतो आहोत हे नीट ठाऊक होते. अस्पृश्यांच्या राखीव जागांना पुणे कराराची अट लागू होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांपर्यंतची यादी निवडायची, मग त्या यादीतला एक सगळ्या मतदारांनी. म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा बहुसंख्याकांचाच.

अशा चौकटीत, ऑगस्ट १९३६मध्ये स्थापन झालेल्या मजूर पक्षाने सहा महिन्यांत सतरा जागा लढवून चौदा जिंकल्या. बाबासाहेबांविरुद्ध भायखळा-परळमध्ये काँग्रेसने क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू काही ऐरागैरा उमेदवार नव्हता, एका काळचा मोठा गोलंदाज होता. मते पडली १३,२४५ विरुद्ध ११,२२५. पण त्या चौदांत लक्ष वेधून घेतात ते इतर. काळाराम मंदिर सत्याग्रहातले नाशिकचे दादासाहेब गायकवाड, नगरचे प्रभाकर रोहम, पुण्याचे रा. रा. भोळे, बेळगावचे बळवंतराव वराळे. आणि त्यांच्या जोडीला कोकणातून सर्वसाधारण जागांवर आलेले अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर. चित्रे आणि टिपणीस हे महाडच्या चवदार तळ्याच्या दिवसांपासूनचे सोबती, जातीने कायस्थ. परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले आणि वारल्यांच्या लढ्यात उतरले. या बाकांना ‘अस्पृश्यांचे बाक’ म्हणणाऱ्यांनी ही नावे पुन्हा वाचावीत. ज्यांच्या आज्या-पणज्यांची हाडे वतनाच्या राबणुकीत झिजली अशी माणसे आणि कोकणातली खोत-कुळांची भांडणे जवळून पाहिलेली माणसे इथे शेजारीशेजारी बसली होती. कायदे करणाऱ्यांच्या खोलीत असे बाक मुंबई प्रांतात त्याआधी कधी नव्हते. जुन्या कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते, बाबासाहेबही होते, पण ते सरकारने नेमलेले. नेमलेला माणूस आणि निवडून आलेला माणूस एकच वाक्य बोलले तरी समोरच्या मंत्र्याला ते दोन निरनिराळ्या आवाजांत ऐकू येते.

आता ‘सगळे नाटकच होते’ हा डाव्यांचा मुद्दा. गव्हर्नरच्या हाती लगाम होता हे खरे. १९३८च्या फेब्रुवारीत राजकीय कैद्यांच्या सुटकेवरून संयुक्त प्रांत आणि बिहारच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा तो लगाम दिसलाही. पण मुंबईत काय घडले ते पाहावे. बार्डोली-खेड्याकडच्या सत्याग्रहींच्या जप्त जमिनी परत देण्याचा कायदा १९३८मध्ये झाला. त्या जमिनी साम्राज्याच्याच अधिकाऱ्यांनी जप्त करून विकल्या होत्या, विकत घेणाऱ्यांना पाठीशी घालण्याचे वचन दिले होते, तरीही कायदा झाला. कूळकायदा झाला. दुकाने आणि आस्थापनांतल्या नोकरांच्या कामाचे तास बांधून देणारा कायदा १९३९मध्ये झाला, तो तर देशातला या प्रकारचा पहिला. सभागृहाला इच्छा होती तिथे त्याचे हात बांधलेले नव्हते. खोतीचे विधेयक अडले ते गव्हर्नरमुळे नव्हे. ज्यांना लोकांनी निवडून दिले होते त्यांनीच ते पुढे सरकू दिले नाही. हा फरक जे पुसून टाकतात ते इंग्रजाला नको तेवढे श्रेय देतात आणि आपल्या माणसांना नको तितके निर्दोष ठरवतात.

खोतीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण प्रचलित मताचा सगळा भार याच उदाहरणावर आहे. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत बसलेला. सरकारचा सारा तो भरणार आणि कुळाकडून आपला वाटा वसूल करणार. १८८०च्या खोती कायद्याने या नात्याला लेखी रूप दिले, पण वेठ, घरच्या कार्याला फुकटची मजुरी, शेताच्या बांधावरच्या झाडावरही खोताचा हक्क, हे सारे गावच्या रिवाजाने चालूच राहिले. खोतांची बाजू घेणारे साधेसुधे लोक नव्हते. १८९९च्या खोती विधेयकाच्या वेळी खुद्द टिळकांनी ‘केसरी’तून खोतांच्या बाजूने लिहिले होते. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३पासून जमीन कसणेच बंद केले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा हा संप सुमारे सहा वर्षे चालला. जमीन पडीक, घरी दाणा नाही, लाकूडफाटा विकून दिवस काढायचे, आणि तरीही माघार नाही.

हा संप चालू असताना, १७ सप्टेंबर १९३७ला, पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती रद्द करणारे विधेयक मांडले. त्यातली योजना अगदी साधी होती. खोताचा मध्यस्थपणा संपवायचा, त्याला वाजवी भरपाई द्यायची, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्यातल्या कब्जेदाराचा दर्जा द्यायचा. भरपाईची तरतूद मुद्दाम लक्षात ठेवावी. ‘लुटारू’ म्हणून हिणवल्या गेलेल्या विधेयकात ती होती. जानेवारी १९३८मध्ये कोकणातून हजारो शेतकरी बोटींनी आणि पायी मुंबईला आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. आज जिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे, ती रीगल सिनेमाजवळची इमारत. बाबासाहेब, परुळेकर, इंदुलाल याज्ञिक यांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले. खेरांनी मागण्या ऐकून घेतल्या, विचार करू म्हणाले. पुढे विधेयक सरकले नाही.

इथवर पूर्वपक्षाचे म्हणणे बरोबर. पण ‘सभागृहात नुसती भाषणे, लढाई बाहेर’ ही वाटणी या एका मोर्चाने मोडीत निघते. मोर्चा जायला दार लागते. कोकणातला कूळ आझाद मैदानावरून निघून कुठल्या साहेबाच्या बंगल्यावर गेला नाही, कलेक्टरच्या कचेरीवरही गेला नाही. ज्या इमारतीत त्याच्या नावाचे विधेयक दाखल झालेले होते त्या इमारतीवर तो गेला, कारण आत चौदा माणसे त्याची होती. चरीच्या संपाला आणि त्या विधेयकाला वेगवेगळ्या वह्यांत लिहिणारा इतिहासकार अर्धाच हिशेब ठेवतो.

१९३९चा कूळकायदा काँग्रेसने केला हे खरेच. त्याने १ जानेवारी १९३८च्या आधी सहा वर्षे जमीन कसत असलेल्या कुळाला ‘संरक्षित कूळ’ मानले. मजूर पक्षाला तो तोकडा वाटला, आणि तो तोकडा होताच. तो प्रत्यक्ष लागू व्हायलाही वेळ लागला आणि तोही निवडक भागांतच. पण सत्ताधारी पक्षाला कुळाच्या हक्काची व्याख्या कायद्यात लिहावी लागली, ती कुणाच्या मागणीच्या शेजारी उभे राहून? समोर संपूर्ण खोती रद्द करणारे विधेयक पडून असताना अर्धे देणे भाग होते. पुढे १९४९मध्ये मुंबई खोती निर्मूलन कायदा झाला, तेव्हा सरकारचे प्रमुख होते तेच बाळासाहेब खेर. वतनाचेही तसेच. ते रद्द व्हावे म्हणून बाबासाहेब १९२८पासून झगडत होते; कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

विधेयक मांडल्यामुळेच कायदा झाला असे माझे म्हणणे नाही. दरम्यान महायुद्ध झाले, राज्य बदलले, देशभर जमीनदारी हटवण्याचे वारे सुटले. माझा मुद्दा लहान आहे. ‘खोती इतकी गुंतागुंतीची आहे की ती मोडता येणार नाही’ हे उत्तर १७ सप्टेंबर १९३७नंतर देता येईनासे झाले. ती कशी मोडायची, खोताला काय द्यायचे, कुळाचा दर्जा काय, हे कलमवार लिहून सभागृहाच्या पटलावर पडलेले होते. जे करता येत नाही असे सांगितले जाते ते कसे करता येईल हे लिहून दाखवणे, एवढेच हाती असते तेव्हा विरोधी पक्षाने ते केले पाहिजे. हे काम मतदानाच्या आकड्यात दिसत नाही.

‘अडवणूक’ हा काँग्रेसकडचा आरोप मात्र एका प्रसंगी जनतेलाही पटला असेल, आणि त्याबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयेच घ्यायचे असे काँग्रेसने ठरवले, आणि २३ ऑगस्ट १९३७ला बाबासाहेबांनी ते कमी आहेत म्हणून विरोध केला! त्यागाचा जयजयकार चालू असताना असे बोलणे म्हणजे राजकारणात आपल्याच पायावर धोंडा. त्यांचा युक्तिवाद मात्र पाहण्यासारखा आहे. पगार ठरवताना राहणीमान, लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता हे चारही पाहिले पाहिजे. पगार इतका कमी ठेवला की घरचे खाऊन मंत्री होता येईल असाच माणूस मंत्री होईल, आणि गरिबाला ते दार बंद होईल. साधेपणाची ही दुसरी बाजू त्यागाच्या भाषेत कधीच येत नाही. त्या दिवशी बाबासाहेबांनी ती बोलून दाखवली. टाळ्या कुणाला पडल्या असतील ते सांगायला नको.

मंदिरांच्या बाबतीत तर अडवणुकीचे पारडे उलटेच फिरते. १९३८चा हरिजन मंदिर-पूजा कायदा सरकारने केला खरा, पण तो विश्वस्तांना मंदिर उघडण्याची मुभा देणारा होता, उघडलेच पाहिजे असे सांगणारा नव्हता. काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षे बसलेले दादासाहेब गायकवाड ज्या सभागृहात होते, त्या सभागृहाने हा कायदा केला, हे विसरून कसे चालेल? सक्तीचा कायदा यायला १९४७ उजाडले.

आता औद्योगिक कलह विधेयकाकडे. ते सप्टेंबर १९३८मध्ये आले. सरकारच्या बाजूने त्यामागे डोके होते गुलझारीलाल नंदांचे. ते तेव्हा संसदीय चिटणीस होते आणि अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या मुशीतून आलेले. कलह झाला की आधी समेट, समेटाच्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्याशिवाय संप नाही. तोवर केलेला संप बेकायदा आणि संप करणारा कामगार शिक्षेला पात्र. औद्योगिक न्यायालय. कामाच्या अटींचे स्थायी आदेश. वरवर पाहता हे शहाणपणाचेच वाटते. मुंबईने १९२८-२९मध्ये महिनोन्महिने चाललेले गिरणी संप पाहिले होते, उपासमार पाहिली होती. शांततेने भांडण मिटावे असे कुणाला वाटत नाही?

१५ सप्टेंबर १९३८ला बाबासाहेबांनी विधेयकाच्या कलमांवर बोट ठेवले. संप करण्याचा हक्क म्हणजे आपल्या मर्जीविरुद्ध काम न करण्याचा हक्क. तो बजावल्याबद्दल माणसाला तुरुंग दाखवणे म्हणजे त्याला गुलाम ठरवणे, हा भाषणाचा कणा. त्याहून धारदार होते ते संघटनांच्या नोंदणीविषयीचे बोलणे. मालकाने मान्य केलेल्या संघटनेला नोंदणीची अट सैल, मालकाला नको असलेल्या संघटनेला कडक. म्हणजे कामगारांच्या वतीने बोलायचे कुणी हे ठरवताना मालकाचाही हात. १९२९च्या ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याला ज्या काँग्रेसने विरोध केला, तिनेच हे आणावे, हे दाखवायलाही ते विसरले नाहीत. विरोधात जमनादास मेहताही होते. हे कूपर मंत्रिमंडळात मंत्री राहिलेले, तेव्हा काँग्रेसवाल्यांनी त्यांच्या हेतूंवर शंका घेतली असेल तर नवल नाही. विधेयक बहुमताने संमत झाले. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, गोळीबार झाला, चौकशी समिती बसली, आणि मार्च १९३९मध्ये त्या समितीच्या अहवालावरही सभागृहात वाद झाला.

प्रचलित मत इथे म्हणते, ‘बघा, हरलेच की’. हरले. पण हरण्याच्या रीतीतही फरक असतो. हे विधेयक मुकाट्याने संमत झाले असते तर १९३८ची मुंबई सरकार आणि कामगार यांच्यात एकमत होते असे आज कागदपत्रांनी सांगितले असते. तसे ते सांगू शकत नाहीत. कायदा बनवणाऱ्यांना काय धोका आहे हे माहीत नव्हते, असा बचाव पुढे कुणाला करता येणार नाही, अशी नोंद त्या चौदांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी करून ठेवली. या नोंदीची किंमत किती, हे पाहायला मला १९३८मध्ये थांबून चालणार नाही. त्यासाठी १९४६ गाठावे लागते.

त्याआधी दोन-तीन गोष्टी भराभर. १० नोव्हेंबर १९३८ला रोहमांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा बिनसरकारी ठराव मांडला, मसुदा बाबासाहेबांचा. ११ विरुद्ध ५२ने तो पडला. १९३८ साली! जे हसले असतील त्यांना पुढच्या तीस वर्षांत भिंतीभिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाने उत्तर दिले, मी वेगळे द्यायला नको. अंदाजपत्रकावरच्या चर्चेत बाबासाहेबांनी दारूबंदीला पहिला मान देण्याला आक्षेप घेतला. अबकारीवर प्रांताची तिजोरी बऱ्याच अंशी उभी होती. ते उत्पन्न सोडायचे आणि शिक्षणाला पैसे नाहीत म्हणायचे, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात आलीच, आणि तूट भरून काढण्यासाठी शहरी मिळकतीवर करही. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विरोधी बाकांच्याही चुका होत्या, त्या झाकायच्या कशाला? लीगशी केलेली सोयीची मैत्री ही त्यांतली एक. डिसेंबर १९३९मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळे गेल्याबद्दल जिनांनी पुकारलेल्या मुक्तिदिनात बाबासाहेब सहभागी झाले. त्याची किंमत चळवळीला मोजावी लागली आणि विरोधकांनी ती व्याजासकट वसूल केली. दुसरे म्हणजे, मजूर पक्षाची सगळी ताकद एका माणसाभोवती इतकी बांधलेली होती की तो दिल्लीला गेल्यावर मागे फारसे काही उभे राहिले नाही. पण ही दुसरी चूक आजच्या प्रशंसकांचीही आहे. ते रोहमांचे, परुळेकरांचे, भोळ्यांचे नावही न घेता त्या सभागृहाचे वर्णन करतात, आणि मग ‘एकटा माणूस काय करणार’ म्हणून हळहळतात.

२६ ऑक्टोबर १९३९ला युद्धावरच्या ठरावाच्या चर्चेत बाबासाहेबांनी आपली निष्ठा नेमकी कुठे आहे ते सांगितले. स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत देश आधी. देश आणि अस्पृश्य यांत अस्पृश्य आधी. सभागृहाची ही अखेरची मोठी चर्चा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी कलम ९३खाली कारभार हाती घेतला. सभासद कागदावर १९४६पर्यंत सभासदच राहिले, पण सभा भरत नव्हती. काम केलेला काळ जेमतेम सव्वादोन वर्षे, नावापुरती मुदत नऊ. सभा बंद असलेल्या काळात प्रांताचे कायदे एका सहीने होत राहिले. ज्यांना विधानसभेतला वाद म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो त्यांनी ही सहा-सात वर्षे आदर्श म्हणून पुढे ठेवावीत, म्हणजे निदान बोलणे प्रामाणिक होईल.

आता १९४६. निवडणुका झाल्या, खेर परत आले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. पुणे कराराच्या संयुक्त मतदारसंघाने या वेळी आपले काम पूर्ण केले. कामगारांच्या जागांवरून दोन कम्युनिस्ट तेवढे निवडून आले. या सभागृहात नंदा आता श्रममंत्री होते आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा त्यांनी आणला. १९३८च्या कायद्याची मांडणी पुढे नेऊन त्याने ‘प्रातिनिधिक संघटने’ची जागा पक्की केली. एका उद्योगात एका प्रदेशासाठी एकच संघटना, समेटाची वाटाघाट तिच्याशीच, आणि तिला हटवायचे तर सभासदांची टक्केवारी सिद्ध करत बसायचे. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप केला. त्यांच्या मागण्यांत पगार होता, बोनस होता, आणि तो कायदा रद्द करणेही होते. कारण ज्या संघटनेला त्यांनी मनातून सोडले होते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायला गिरणीमालक कायद्याने बांधलेले नव्हते. ‘कामगारांच्या वतीने कोण बोलणार हे कोण ठरवणार’ हा प्रश्न गिरणगावाला त्या दिवशी नव्याने भेटला नव्हता. तो १५ सप्टेंबर १९३८ला विचारून झाला होता, आणि विचारणारे बाक १९४६मध्ये रिकामे होते.

‘चौदा लोकांनी काय होणार होते’ असे म्हणणाऱ्यांनी या दोन सभागृहांची तुलना करावी. कायदा दोन्ही वेळा झाला, बहुमत दोन्ही वेळा तेच होते, माणसेही बरीचशी तीच. फरक होता तो पहिल्या वेळी समोर चौदा माणसे होती, एवढाच. त्याच १९८२ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड काढला. मुंबई कौन्सिल आणि विधानसभेतली त्यांची भाषणे त्यात आहेत, १५ सप्टेंबर १९३८चेही. संप चालू असताना खंड छापून तयार झाला. ज्या कायद्याविरुद्ध कामगार रस्त्यावर होते त्या कायद्याच्या बापावर केलेले ते भाषण सरकारनेच प्रसिद्ध केले, आणि सरकारने कायदा मात्र जागच्या जागी ठेवला.